रविवारचा पत्रा

“...तेवढंच सांगा वस्ताद. अ‍ॅल्युमिनियम की पोलाद?”

शार्दूल खाडेने टेबलावर पत्र्याचे दोन तुकडे ठेवले. एक पांढरा, हलका. दुसरा काळपट, जड.

हैदर वस्तादांनी दोन्हीकडे पाहिलं. चष्मा काढून सदऱ्याला पुसला, पुन्हा डोळ्यांवर चढवला.

कोल्हापुरात शर्यतीची गाडी बांधायची तर हैदर मुजावरांचा शब्द शेवटचा. तरुणपणी त्यांनी स्वतः शर्यती मारल्या, आता उद्यमनगरातल्या त्यांच्या शेडमध्ये आम्ही शिकतो. शार्दूल आमच्यातला सगळ्यात वेगवान आणि सगळ्यात ताठ. त्या सोमवारी मी बाजूलाच इंजिन उघडून बसलो होतो, म्हणून हे सगळं डोळ्यांदेखत घडलं.

शार्दूलची गाडी एकच. रविवारी ट्रॅकवर पळायची, बाकीचे दिवस रस्त्यावर. शर्यतीसाठी त्याने पेट्रोलची टाकी डिकीत आणून बसवली होती, आणि ती आता सांध्यातून पाझरायला लागली होती. येत्या रविवारी मोसमातली शेवटची शर्यत होती. ती मारली की करंडक त्याचा. त्याआधी नवी टाकी हवी होती.

“अ‍ॅल्युमिनियम केलं तर मागचं वजन उतरतं,” शार्दूल म्हणाला. “वळणाला गाडी हलकी पडते. पण खड्ड्यांत हादरे बसून सांधे तडकतात म्हणे.”

“हं.”

“पोलाद दणकट. पण जड, आणि आतून गंजतं.”

“हं.”

“रबरी पिशवीची टाकी सगळ्यात भारी, पण ती वेळेत मिळायची नाही. म्हणजे राहिले हे दोन. कुठलं घेऊ?”

“दोन्ही चांगलं.”

“दोन्ही चांगलं, हे उत्तर झालं का?”

वस्ताद दारातून बाहेर बघत होते. शार्दूलची गाडी उन्हात उभी होती.

“गाडीत कोण हाय?”

“आई. गुडघ्याच्या व्यायामाला न्यायचंय, दर सोमवारी असतं. तिचं राहू द्या, तुम्ही टाकीचं सांगा.”

“उन्हात बसवलीस?”

आता शार्दूलचा पारा चढला. तो म्हणाला, सात वर्षं तुमच्या हाताखाली राबतोय, दोन करंडक या शेडच्या नावावर लावलेत, आणि एक सरळ प्रश्न विचारला तर तुम्ही माझ्या आईची चौकशी करत बसता. खरं सांगायचं तर मलाही क्षणभर वाटलं, सांगून टाकावं की म्हाताऱ्यानं. कशाला ताटकळत ठेवायचं?

वस्ताद उठले आणि गाडीकडे चालू लागले. आम्ही मागोमाग गेलो.

कुसुमवहिनी मागच्या सीटवर बसल्या होत्या. शार्दूलचे वडील वस्तादांचे जिवलग दोस्त, त्यामुळे त्या आम्हा सगळ्यांच्याच वहिनी. वजन वाचवायला शार्दूलने पुढची डावी सीट कधीच काढून टाकलेली. गाडीत बसायचं तर मागेच.

त्यांनी नाकाला पदर लावला होता.

“वहिनी, बरं हाय न्हवं?”

“बरी आहे की भाऊजी. पुढं सीटच नाही, त्यामुळं पाय कसे ऐसपैस पसरता येतात बघा. गुडघ्याला आराम पडतो.”

“आणि पदर कशाला?”

“वास येतो जरा पेट्रोलचा. गाडी म्हटल्यावर येणारच.”

“कधीपासनं येतोय?”

“दिवाळीपासून असेल.”

“आई, मला बोलली नाहीस कधी,” शार्दूल म्हणाला.

“तू असतोस शर्यतीच्या विचारात. त्यात हे कुठं सांगत बसू?”

वस्तादांनी मान डोलावली. मग गाडीच्या मागे जाऊन त्यांनी डिकी उघडली.

टाकीच्या सांध्यावर अंगाचा साबण दाबून बसवला होता. टाकी पाझरली की तात्पुरता साबण चोळायचा, हा आमच्याकडचा जुना उपाय. गावाबाहेर गाडी बंद पडली तर घरी पोचण्यापुरता. शार्दूलने त्यावर दिवस काढले होते.

टाकीच्या खाली एका जुन्या चादरीत काहीतरी सपाट गुंडाळलेलं होतं. वस्तादांनी चादर बाजूला केली. आत एक मोठा पत्रा निघाला, बरोबर मागच्या सीटच्या आकाराचा, कडेने बोल्टची भोकं पाडलेला.

“ह्यो कशाचा?”

“नियमाचा पत्रा. टाकी आणि बसायची जागा यांच्यामध्ये असायलाच लागतो. आग लागली तर ती आत येऊ नये म्हणून. शर्यतीआधी तपासणारे बघतात.”

“मग हितं गुंडाळून का पडलाय?”

“हा लावला की मागची सीट बसत नाही. म्हणून शनिवारी सीट काढतो आणि पत्रा लावतो. सोमवारी पत्रा काढून परत सीट टाकतो.”

“रविवारी मागं कोण बसतं?”

“रविवारी कोण बसणार? शर्यतीत मागं कुणी...”

तो थांबला.

वस्ताद थांबले नाहीत. आवाज मात्र चढला नाही त्यांचा.

“रविवारी तुझ्या अंगात आगीचा सूट. डोक्याला हेल्मेट. ट्रॅकच्या कडंला आग विझवायला माणसं हुभी. आणि वर मध्ये पत्रा. सोमवारी तुझी आई नायलॉनचं लुगडं नेसून टाकीला पाठ लावून बसती. मध्ये काय रं? सीटचा कापूस?”

“गाडी तपासणीत पास झालीय वस्ताद. दर वेळी. कुणी बोट ठेवलं नाही.”

“तपासणी रविवारी आसती.”

...

मला त्या वेळी शार्दूलची अशी चीड आली की हातातला पाना फेकावासा वाटला. ग्रॅम ग्रॅम वजनाचा हिशेब ठेवणारा माणूस, आणि आईच्या पाठीमागचा पत्रा याला ओझं झाला. वर हा करंडक मिरवणार, आणि गाव याच्या गळ्यात हार घालणार.

शार्दूलचा चेहरा उतरला होता, पण ताठा पुरता गेला नव्हता. “म्हणूनच तर विचारायला आलो ना,” तो म्हणाला. “ठीक आहे. पोलादाची करू. जड तर जड. झालं समाधान?”

वस्तादांनी डिकी बंद केली.

“वहिनी, उतरा. आत पंख्याखाली बसा, च्या सांगितलाय. आम्ही आलोच.” मग शार्दूलकडे वळून म्हणाले, “किल्ली आण.”

“कशाला?”

“आण म्हणतो न्हवं.”

त्यांनी किल्ली घेतली, मागचं दार उघडलं आणि शार्दूलला खूण केली. “बस.”

“मी? मागं?”

“बस.”

तो बसला. मलाही खुणावलं, म्हणून मी त्याच्याशेजारी बसलो. वस्ताद स्वतः स्टिअरिंगवर बसले आणि गाडी शिरोलीच्या रस्त्याला लागली.

वास खरंच येत होता. पहिल्यांदा नाकाला, मग घशाला.

साखर कारखान्यांच्या गळिताचे दिवस होते. पुलाच्या अलीकडे उसाचा ट्रॅक्टर मागे लागला, दोन ट्रॉल्या भरून, बाहेर आलेल्या मोळीने रस्ता झाडत. उतार होता. आमच्या पट्ट्यात सगळ्यांना ठाऊक आहे, भरल्या ट्रॉल्या उताराला ड्रायव्हरचं ऐकत नाहीत.

शार्दूल मान वळवून मागच्या काचेतून बघायला लागला.

“वस्ताद, मागं ट्रॅक्टर आहे.”

“आसंल.”

“अगदी जवळ आलाय. जरा पुढं काढा गाडी.”

“पुढं सिग्नल हाय.”

ट्रॅक्टरचं तोंड काचभर झालं. शार्दूल सीटच्या कडेला सरकला होता, पाठ टेकवत नव्हता. एका हाताने त्याने माझा दंड पकडला होता. त्याला त्याची शुद्ध नसावी. भलत्या वेगात वळणं घेताना हसणारा माणूस हा. आमची गाडी सायकलीच्या वेगाने चालली होती आणि त्याच्या कपाळावरून घाम गळत होता. मीही घाबरलो होतो, खोटं कशाला बोलू.

वस्तादांनी आरशातून बघितलं.

“आता सांग. त्यो धडकला तर अ‍ॅल्युमिनियमला धडकू दे, का पोलादाला?”

माझ्या दंडावरची शार्दूलची पकड आणखी घट्ट झाली.

सिग्नल सुटला. वस्तादांनी पुलाआधीच गाडी वळवली आणि सावकाश शेडपाशी आणून उभी केली.

शार्दूल उतरला आणि थोडा वेळ दाराला धरून उभा राहिला. मग त्याने न सांगता पान्यांची पेटी ओढली. पहिल्यांदा टाकीतलं सगळं पेट्रोल कॅनमध्ये काढलं. मग मागची सीट सोडवली, चादरीतला पत्रा काढला आणि एकेक बोल्ट आवळत जागेवर बसवला. शेवटचा बोल्ट त्याने दोनदा तपासला. मी सीट उचलून बाहेर ठेवायला हात लावला.

कुसुमवहिनी चहाचा कप घेऊन दारात आल्या.

“झालं का ठरवून? कशाची करायची टाकी?”

शार्दूलने मान वर केली नाही.

“आणि रे, ही सीट का काढलीस? मी कुठं बसू आता?”

“पुढं,” तो म्हणाला. “पुढची सीट माळ्यावर आहे, ती आज बसवतो. हा पत्रा आता निघणार नाही.”

“तुझ्या गाडीचं वजन वाढेल की. रविवारी शर्यत आहे ना?”

“वाढू दे.”

वहिनींना काही उमगलं नाही. चहा गार होतोय म्हणून त्या आत गेल्या.

शार्दूल हात पुसत वस्तादांपुढे येऊन उभा राहिला. टेबलावर ते दोन तुकडे अजून तसेच पडले होते. त्याने त्यांना हात लावला नाही.

“वस्ताद... इतकी वर्षं गाडी पळवतोय. कधी भ्यालो नाही. आज काय झालं मला?”

वस्तादांनी आतल्या पंख्याकडे, त्याच्याखाली बशीत चहा ओतून पिणाऱ्या वहिनींकडे पाहिलं.

“तू वाटभर मागं वळून बघत हुतास. इतक्या सोमवारांत वहिनी एकदा तरी वळल्या आसतील का? ... न्हाई. त्यांच्या पुढं, स्टिअरिंगवर, लेक हुता.”