एकशे बारावं पान

“...पण मग सही कुणाची, आप्पा? तुमची का माझी?”

“जेवलास का?” आप्पांनी विचारलं.

चंद्रहास बिराजदारने मनातल्या मनात कपाळाला हात लावला. प्रश्न टाळायचा असला की आप्पा हटकून असंच काहीतरी काढत. गाडीला गर्दी होती का, तिकडं ऊन फार आहे का, जेवलास का. त्याने उत्तर दिलं नाही. खांद्यावरची पिशवी उतरवली आणि ओवरीतल्या चटईवर बसला.

शिवमूर्ती आप्पा पुस्तकं बांधणारे, बाइंडर. मठाच्या या ओवरीत बसून त्यांनी पन्नास वर्षं हेच काम केलं. शिक्षण सातवी. पण हाताखालून गेलेलं एकही पुस्तक त्यांनी न वाचता परत दिलं नाही. पुस्तकाचा मालक तगादा लावायचा, तेव्हा आप्पा म्हणायचे, “खळ वाळली नाही अजून.” खळ कधीच वाळलेली असायची. पुस्तक संपलेलं नसायचं.

गावच्या वाचनालयाला हे ठाऊक होतं. म्हणून शाळांसाठी फिरत्या पेट्या निघायच्या, त्यांत कोणती नवी पुस्तकं घालायची ते आप्पांना विचारूनच ठरे. चाळीस गावं, चाळीस पेट्या. आप्पांनी सही केली की पुस्तक चाळीस गावांतल्या पोरांच्या हाती पडे. नाही केली की ते कपाटात धूळ खात बसे.

यंदा आप्पांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकला. अक्षर दिसेना. तेव्हा वाचनालयातून आलेलं एक पुडकं त्यांनी न सोडताच चंद्रहासच्या हातात ठेवलं.

“वाच. गुण-दोष लिहून आण. मग बघू.”

त्या ‘मग बघू’वर चंद्रहासने दोन महिने काढले होते. तो कॉलेजात मराठी शिकवायचा. विद्यापीठात पहिला आलेला. पाच वर्षं या ओवरीत येत होता, आणि दर वेळी आप्पा त्याच्या मतातला एखादा टाका उसवून त्याच्या हातात देत. आता त्याला एकच हवं होतं. आप्पांनी एकदा म्हणावं, बाबा, तुझ्या मताला आता माझी गरज नाही.

दुपारी वाचनालयाची बैठक होती. आज काय ते ठरणार होतं.

“सांग,” आप्पा म्हणाले. ते छापील फर्मे, पानांच्या घड्या, शिवत होते. डोळे गेले तरी हात आपली वाट विसरले नव्हते.

चंद्रहासने पिशवीतून कादंबरी काढली, चार पानी टिपण काढलं आणि घसा साफ केला.

“आधी एक सांगतो. प्रत कोरी होती. पानं एकमेकांना चिकटलेली. माझ्याशिवाय कुणाचा हात लागलेला नाही. दुसऱ्या कुणाचं मत मी कानावर पडू दिलं नाही.”

“बरं केलंस.”

“लेखिका मृणाली शेटे. वय वीस. पहिलंच पुस्तक. कॉलेजातल्या पोरापोरींसाठी लिहिलेली प्रेमकथा आहे. काळातून मागं जाण्याची.”

“मागं जाती कशानं?”

“एसटीनं.”

आप्पांची सुई थांबली. “पुढं जाणारी वेळेवर येत नाही, आणि ही मागं जाती होय?”

चंद्रहास हसला नाही. आज हसायला आलेला नव्हता.

“डेपोच्या मागं भंगारात काढलेली एक गाडी असते. इरा नावाची मुलगी तिच्या शेवटच्या बाकावर बसते आणि उतरते ती चाळीस वर्षं मागं. तिथं तिला सुधाकर भेटतो. डेपोत शिकाऊ मेकॅनिक. तो पुढं एका अपघातात जाणार, हे तिला ठाऊक असतं. पण पुढचं काही सांगायला गेली की तिच्या तोंडून आवाजच फुटत नाही. कादंबरीचा तसा नियम आहे.”

“चांगला नियम आहे... गुण वाच.”

“डेपो फार खरा उतरलाय. डिझेलचा वास, चौकशीच्या खिडकीतला खरखरणारा माईक, कॅन्टीनमधल्या कान तुटलेल्या कपबशा. पोरांची भाषा पोरांचीच आहे, मध्येच कुणी उपदेश करायला येत नाही. गोष्ट पळते. पहिली साठ पानं एका बैठकीत होतात. आणि इराची एक मैत्रीण आहे, मोठी चावट. तिच्या बोलण्याला हसू येतं.”

“हसलास?”

“नोंद केली.”

“हां...” आप्पांनी दोरा ओढून घेतला. “दोष?”

चंद्रहास सरसावून बसला. गुण अर्ध्या पानात आटोपले होते. दोषांना साडेतीन पानं लागली होती, आणि त्यावर त्याची खरी मेहनत होती.

“तिसऱ्या प्रकरणात म्हटलंय, मागच्या काळातली वस्तू इकडं आणता येत नाही. नवव्या प्रकरणात ही सुधाकरचा मफलर गळ्यात घालून येते.”

“खरं आहे. लिही.”

“पोरगी तीन-तीन दिवस गायब असते. आईबाप विचारत नाहीत.”

“आईबाप नसतील मग ते. लिही.”

“सुधाकरमध्ये एकही खोट नाही. चिडत नाही, खोटं बोलत नाही, कुणाचा हेवा करत नाही. इतका गुणी मुलगा डेपोत कशाला, देव्हाऱ्यातच ठेवावा.”

आप्पा मनापासून हसले. “हे झकास. लिही.”

“मधली चार प्रकरणं दोघं नुसती एकमेकांकडं बघतात.”

“तेवढं होतंच त्या वयात. पण चार म्हणजे जास्त. लिही.”

चंद्रहासला हुरूप आला. आप्पांनी आजवर त्याचे सलग चार मुद्दे कधी मान्य केले नव्हते. एकेक करून त्याने बाकीचे वाचले. आप्पा मान हलवत राहिले. शेवटी तो ज्या मुद्द्यापाशी आला, तो त्याने टिपणात अगदी वर लिहिला होता, दोनदा रेघ मारून, आणि वाचायचा मात्र मुद्दाम शेवटी ठेवला होता.

“आणि आता सगळ्यांत मोठा दोष. पान एकशे बारा.”

“हं.”

“शेवटची भेट आहे. गाडी सुटायला अकरा मिनिटं. चाळीस वर्षं ओलांडून आलीय ती, आणि पुन्हा येणं नाही. पुढचं सांगता येत नाही, कबूल. पण मनातलं तर सांगता येतं! वाचणारा श्वास धरून बसलाय, आणि ही त्याला विचारते...”

चंद्रहास थांबला. पाणी प्यायला.

“ही विचारते, ‘जेवलास का?’”

आप्पांनी सुई फर्म्यात खोचून ठेवली.

“बस्स, एवढंच! तो म्हणतो, नाही. ती डबा उघडते. अकरा मिनिटं दोघं पोळीभाजी खातात, आणि गाडी सुटते. जिथं कळस चढवायचा तिथं असलं सपक वाक्य! सगळी कादंबरी तिथं कोसळते. म्हणून मी शेवटी स्पष्ट लिहिलंय, पेटीत घालू नये.”

हे तो जरा मोठ्यानेच बोलला. ओवरीबाहेर गहू निवडत बसलेल्या बाईने मान वर करून पाहिलं.

आप्पांनी शिवण बाजूला ठेवली. धोतराला हात पुसले.

“पुस्तक दे इकडं.”

चंद्रहासचा हात पुढे झाला आणि मध्येच थांबला. त्याला एकदम आठवलं.

जुनं पुस्तक बांधायला आलं की ते उसवण्याआधी आप्पा एक गोष्ट न चुकता करत. पुस्तक फळीवर कण्यावर उभं धरत आणि दोन्ही हात सोडून देत. पुस्तक आपोआप उघडे. जिथं उघडलं तिथं वाचणाऱ्याचा हात पुन्हा पुन्हा टेकलेला. तिथली शिवण आधी जाते, म्हणून तिथं आप्पा एक दोरा जास्तीचा घालत. वकिलांचं पुस्तक वाटणीच्या कलमावर उघडे, देशमुखीणबाईंचं पाकपुस्तक अनारशांवर. चंद्रहासने हे शंभरदा पाहिलं होतं आणि शंभरदा हसला होता.

“नवं आहे, आप्पा. नवं पुस्तक उघडत नाही. मिटून पडतं.”

“पडू दे की.”

“दोनच महिने झालेत...”

“दे.”

त्याने दिलं. आप्पांनी पुस्तकावरून हात फिरवला, कणा चाचपला, आणि फळीवर उभं धरलं.

मग हात सोडले.

पुस्तक मिटून पडलं नाही. दोन्हीकडे पानं सुटली, आणि मधलं पान अगदी सपाट होऊन आभाळाकडे बघत राहिलं.

“मला दिसत नाही,” आप्पा म्हणाले. “कितवं पान आहे?”

चंद्रहासला बघावं लागलं नाही.

“एकशे बारा.”

“दुसऱ्या कुणाचा हात लागलेला नाही म्हणालास.”

“नाही...”

“किती वेळा?”

“मोजलं नाही, आप्पा.”

 बाहेर त्या बाईच्या सुपातले गहू तेवढे वाजत होते.

चंद्रहासचे वडील एसटीच्या डेपोत मेकॅनिक होते. तो पुण्याला शिकायला निघाला त्या सकाळी ते कामावरून तसेच आले होते. खाकी कपडे, हाताला ग्रीस. गाडीत चंद्रहासशेजारी कॉलेजचे दोन मित्र बसलेले. वडिलांनी खिडकीखाली उभं राहून, टाचा उंचावून, एवढंच विचारलं होतं. जेवलास का? आणि चंद्रहासने ऐकू न आल्यासारखं करून खिडकीची काच ओढून घेतली होती. दिवाळीच्या सुट्टीआधीच वडील गेले, पुन्हा भेट झाली नाही.

हे त्याने जन्मात कुणाला सांगितलं नव्हतं. त्याला लाज वाटत आली होती. आधी वडिलांची, मग त्या लाजेची, आणि आता वीस वर्षांच्या पोरीच्या पुस्तकावर आपण रडतो याची. दोन महिने तो रोज त्या पानावर जाऊन येत होता आणि टिपणात त्याला सपक म्हणत होता.

ते सगळं त्याने आप्पांना सांगितलं. तुटक तुटक सांगितलं, फळीवरच्या उघड्या पानाकडे बघत. 

सांगून झाल्यावर त्याने टिपणाचे चारही कागद एकत्र धरले. फाडणार, एवढ्यात आप्पांना कागदाची कुरकुर ऐकू आली.

“फाडू नकोस.”

“खोटं लिहिलंय मी, आप्पा.”

“मफलराचं खोटं आहे?”

“ते... नाही.”

“आईबापाचं?”

“नाही.”

“मग? पोरीला कळू दे की कुठं चुकलं. पुढचं पुस्तक लिहायचंय तिला.”

“आणि हे पान? हे गुणांत घालू का?”

 आप्पांनी पुस्तक हळूच मिटलं आणि चंद्रहाससमोर ठेवलं. मग कोपऱ्याकडे हात नेला. तिथं सकाळपासून फडक्याखाली काहीतरी झाकून ठेवलेलं होतं. चंद्रहास आल्यापासून ते तिथंच होतं, त्याने पाहिलं नव्हतं. आप्पांनी फडकं सारलं. ज्वारीच्या भाकरी होत्या, वर शेंगाचटणी, आणि शेजारी दोन ताटल्या.

चंद्रहास त्या दोन ताटल्यांकडे बघत राहिला.  बोलायला तोंड उघडलं तर आवाज फुटेना. एकदा प्रयत्न केला, दुसऱ्यांदा केला...

“नाही, आप्पा,” शेवटी तो म्हणाला. “जेवलो नाही.”

आप्पांनी न दिसणारे डोळे त्याच्याकडे वळवले. एक ताटली चाचपत त्याच्यापुढे सरकवली.

“आत्ता आलास होय... ये. हात धू, जेव. मग सही तूच कर.”