धुरपा बोहारणीची वाकळ

फार वर्षांपूर्वी, उंबरघाटाला अजून दगडी वेस नव्हती आणि गावात शिरायला बाभळीचं फाटक पुरायचं, त्या काळी इथे धुरपा बोहारीण येत असे. डोक्यावर भांड्यांची पाटी, काखेत कपड्यांचं बोचकं, आणि आवाज असा की नदीपल्याडच्या म्हशी माना वर करायच्या, असं म्हणतात. जुनं लुगडं द्या, वाटी घ्या. फाटकं धोतर द्या, तांब्या घ्या. असा तिचा धंदा.

बाया घासाघीस करायच्या, आणि धुरपा कुणाला हार जायची नाही.

"धुरपामावशी, एवढ्या काठाच्या लुगड्याला नुसती वाटी?"

"मग काय परात देऊ? लुगडं आहे का चाळण? यातून तुझी सासू दिसतेय मला. आणि ती हसतेय."

पण तिची एक रीत जगावेगळी होती. कपडा हातात आला की ती विचारायची, "हे कुणी नेसलं?" समोरची म्हणायची, "असंच, घरातलं आहे." की धुरपाने तो कपडा तिच्या मांडीवर परत टाकलाच. "घराला लुगडं नेसवता होय गं तुम्ही? नाव सांग, मग भांडं घे."

नाव कळलं की ती त्या कपड्याची बोटभर पट्टी फाडून घ्यायची. बाकीचा कपडा बाजारात जायचा आणि पट्टी तिच्या वाकळेला जोडली जायची. टाका घालताना ती ते नाव पुटपुटायची, आणि एकदा टाक्यात गेलेलं नाव ती कधी विसरली नाही. तिला लिहायला येत नव्हतं. येत असतं तरी तिने कागदावर भरवसा ठेवला नसता. कागद सगळे गढीवर असायचे.

आणि गढीवर गढीवाला असायचा. त्याचं नाव मला ठाऊक आहे. सांगणार नाही.

या गढीवाल्याच्या मनात आलं की गावाला वेस हवी. का? तर गोरा साहेब दौऱ्यावर यायचा होता, आणि त्याचा हत्ती बाभळीच्या फाटकातून आणायची गढीवाल्याला लाज वाटत होती. चिंचेच्या सालात, लोक चिंचोके खाऊन जगले त्या दुष्काळात, नदीचं पाणी आटलं तरी त्याला लाज वाटली नव्हती. हत्तीची वाटली.

वेस बांधायला गावातल्या बाया वेठीला धरल्या. नदीतून धोंडे आणायचे, डोक्यावर चुंबळ, चुंबळीवर धोंडा, आणि चढण. ठकू होती, भिवरा होती, येसा आणि गजरा या सख्ख्या जावा होत्या, आणि काशी होती, जिचं पोर अजून अंगावर पीत होतं. कमान चढली. खाली लाकडी टेकू लावले होते, वर ओला चुना होता. गवंडी म्हणाला, "सरकार, चुना धरू द्या, तोवर टेकू हलवू नका." गढीवाला म्हणाला, "तुझा चुना वाळेपर्यंत साहेब वाटेत उभा राहील काय रे?" आणि त्याने टेकू काढायला लावले.

दुपार होती. त्या उघड्या माळावर सावली होती ती एकाच ठिकाणी, कमानीखाली. बाया भाकरीची फडकी सोडून तिथेच जेवायला बसल्या होत्या.

पुढचं काय सांगायचं? कमान आली खाली.

दिवस मावळायच्या आत त्या पाचीजणींना एका चितेवर घातलं. हळद नाही, कुंकू नाही, नवं लुगडं नाही. आणि दवंडी पिटली, "ऐका हो ऐका, वेशीखाली कुणी मेलेलं नाही. जो कुणी नाव घेईल त्याचं घर गावाबाहेर." गाव गप्प बसलं. लोक म्हणतात, बिचारे काय करणार, भ्याले होते. भ्याले असतील. पण ज्यांच्या डोक्यावर छप्पर होतं, घरात दाणे होते, तेही गप्प बसले, आणि त्यांचा मला गढीवाल्याहून जास्त राग येतो. गढीवाला एकटा होता. हे सगळं गाव होतं.

कमान पुन्हा चढवली. या खेपेला चुना वाळू दिला बरं का. साहेबाने दौरा पुढे ढकलला होता.

मग एक दिवस धुरपा फेरीवर आली. ठकूचा नवरा सटवा दारात उभा होता, हातात हिरवं लुगडं. मेलेल्या माणसाचा कपडा बोहारणीने घ्यायचा नसतो, अशुभ मानतात. तो घरातही ठेवत नाहीत. पण दवंडीप्रमाणे ठकू मेलीच नाही म्हटल्यावर सटवाने ते लुगडं न्यायचं तरी कुठे?

"मावशी, एवढं ने. भांडं नको."

धुरपाने लुगडं उलगडलं. काठाला कामावरचा चुना वाळून बसला होता.

"कुणी नेसलं हे?"

"बायको माहेरी गेलीय."

"माहेरी गेली, आणि लुगडं धुवायची विसरली?"

सटवा काठावरचा चुना नखाने खरवडू लागला.

"बाबा रे, मी मेलेल्याचं घेत नाही हे तुला ठाऊक आहे. तरी घेईन. पण नाव सांग."

"नको मावशी. घर जाईल माझं."

"तुझं घर तर गेलंच. आता भिंती राहिल्यात."

असं म्हणून ती उंबऱ्यावर बसली. ऊन उतरलं, गुरं परतली, तरी ती उठेना. येणारेजाणारे बघत आणि तोंड फिरवून चालू लागत. शेवटी सटवा खाली बसला, तिच्या कानाशी गेला, आणि म्हणाला, "ठकू." एवढंच. मुंगीला ऐकू गेलं नसतं अशा आवाजात. पण त्याच क्षणी धुरपाच्या पाटीतली सगळी भांडी एकदम वाजली, असं म्हणतात. घंटा बडवावी तशी वाजली आणि थांबेनात.

तेव्हा शेजारचं दार उघडलं. भिवराची सासू लुगडं घेऊन बाहेर आली, आणि मोठ्याने म्हणाली, "भिवरा." ही म्हातारी भिवराला जन्मभर टोचून बोलली होती. त्या दिवशी तिने तिचं नाव असं घेतलं की गढीवर ऐकू गेलं. मग येसाचं आलं, गजराचं आलं, काशीचं आलं. धुरपाने एकेका घराला एकेक तांब्या दिला. "तिच्या नावानं पाणी प्या यातून," म्हणाली. पाटी रिकामी झाली, तिचं सगळं भांडवल गेलं. पाचही लुगड्यांच्या पट्ट्या तिने वाकळेला लावल्या, आणि काशीच्या पट्टीवर तिच्या बोटात सुई घुसून रक्त सांडलं. तो डाग अजून आहे.

साहेब आला तो दिवस उजाडला. तोरणं लागली, ताशे वाजले. वेशीवर एक घडीव शिळा बसवली होती, तिच्यावर गढीवाल्याचं नाव, वडिलांचं नाव, बिरुदं. खाली 'ही वेस बांधिली.' साहेबाने हत्तीवरून विचारलं, वेस कुणी बांधली? गढीवाला वाकून म्हणाला, "मी, हुजूर."

"तू?" गर्दीतून आवाज आला. नदीपल्याडच्या म्हशींनी माना वर केल्या. "एक धोंडा उचलून दाखव की मग!"

धुरपा वाटेत येऊन उभी राहिली आणि तिने खांद्यावरची वाकळ वेशीच्या तोंडात अंथरली. "ठकूने बांधली," ती म्हणाली. "भिवराने बांधली. येसाने, गजराने आणि काशीने बांधली. तू पाडलीस."

गढीवाला ओरडला, "ओढा ती चिंधी!" शिपाई ओढायला लागले. ओढत राहिले, आणि वाकळ येतच राहिली. वेशीतून पेठेत, पेठेतून देवळापर्यंत, देवळाला वळसा घालून परत वेशीत. त्या गावात जिने कधी काही विणलं, दळलं, वाहिलं, जन्माला घातलं, त्या सगळ्यांच्या पट्ट्या निघत गेल्या, आणि शिपायांना आपल्या आयांच्या लुगड्यांचे काठ ओळखू आले. एकेकाने हात सोडले. माहुताने हत्तीला टोचलं. हत्तीने पाय उचलला आणि वाकळेवर टेकेना. तसाच अधांतरी धरून राहिला. जनावराला कळलं.

तेव्हा गढीवाल्याने स्वतः मशाल लावली. वाकळ धुमसली, पण जळाली नाही. तिची धग चढली ती वर, शिळेला, आणि शिळेवरची अक्षरं खरजेच्या खपल्या सुटाव्यात तशी गळून पडली, असं म्हणतात. साहेब हत्ती वळवून आल्या वाटेने गेला. लोकांनी वाकळ उचलली आणि पाहिलं तर धुरपा कुठेच नव्हती. वाकळ मात्र होती, एका कडेला करपलेली, नेहमीएवढीच. धुरपा त्यानंतर कुणालाही दिसली नाही.

त्याच वेशीवर, जिथे नगारा असायचा त्या माडीत, आज उंबरघाटाचं संग्रहालय आहे. आत ती वाकळ आहे. जाती आहेत, चुंबळी आहेत, एक तांब्या आहे. शहरातून एक शिकलेला गृहस्थ आला होता मांडणी करायला. त्याने प्रत्येक वस्तूखाली सुबक पाट्या लावल्या. जातं, कारागीर अज्ञात. गोधडी, कारागीर अज्ञात. अज्ञात! कुणाला अज्ञात? विचारायला कुणाच्या दारात गेला होतास का बाबा तू? गावच्या बायांनी शिडी लावली आणि सगळ्या पाट्या उतरवल्या. नंतर दारोदार विचारून नावं आणली. काही सापडली, काही आम्ही अजून शोधतोय. जिथे सापडलं नाही तिथे जागा कोरी ठेवली आहे. कोरी जागा टोचते, म्हणून ठेवली आहे.

आणि दर वर्षी कमान पडली त्या तिथीला बाया वेशीखाली बसून भाकरी खातात. घरातल्या जुन्या कपड्याची पट्टी आणतात, शेजारी बसून नव्या वाकळेला टाके घालतात. त्या दिवशी संग्रहालयाला तिकीट नसतं, पण दारात एक बाई उभी असते आणि ती वाट अडवते. "नाव सांगा, मग आत या." तुमचं नाव नको तिला. तुमच्या घरातली अशी एक बाई सांगा, जिचं नाव कुठल्याच दगडावर नाही. पणजीचं सांगा. मोठमोठे लोक तिथे अडतात. पणजोबांचं नाव धडाधड सांगतात, आणि पणजी म्हटलं की छताकडे बघतात. त्यांना परत पाठवतात. जा, घरी विचारून या. दार उघडं ठेवतो.

ती शिळाही आहे. दाराशी आडवी टाकली आहे, लोक तिच्यावर चपला काढतात. अक्षर एकही उरलेलं नाही. उतरवलेल्या पाट्यांपैकी एक आम्ही फेकली नाही, ती तिथे लावली आहे. साऱ्या संग्रहालयात त्या जुन्या पाट्यांतली ती एकच आता उरली आहे. अज्ञात.