अख्खे कणीस

माकडांकडे कचेऱ्या होत्या, त्या काळची गोष्ट. वनराजाने हुकूम काढला की पेरणीसाठी प्रत्येक उंदराला अख्खे कणीस द्यावे, हाताळणीखर्च म्हणून एकही दाणा कापू नये.

कोठीवरच्या माकडाने उंदरीणबाईंना अख्खे कणीस दिले. दरवर्षी कणसातल्या दाण्यांच्या दोन ओळी कमी असत, म्हणून त्यांच्या रानाचा एक कोपरा पडीक राही. यंदा तोही पेरला जाणार होता.

बाई दारापर्यंत गेल्या, थबकल्या, परत आल्या आणि दोन ओळी सोलून माकडापुढे ठेवल्या.

"मी काही मागितलं का, बाई?"

"नाही, रावसाहेब. पण पुढच्या वर्षी पुन्हा तुमच्याच दारी यायचंय."

माकडाने दाणे गालफडात सारून अहवाल लिहिला, 'यंदा एकही दाणा कापला नाही.' अहवाल अक्षरशः खरा होता. कोपरा मात्र पडीकच राहिला.