दिवाणांचं हो आणि नाही

सोनवडी संस्थानच्या राजकन्येला गणित शिकवणाऱ्या वेणूताई बर्वे डोकं तल्लख राहावं म्हणून रोज सकाळी एक कोडं सोडवत. दिवाणांना मात्र त्यांच्या जागी आपला भाचा बसवायचा होता. भर दरबारात ते म्हणाले, "बाई, सत्तरीत बुद्धी मंदावते. मी चुकेन असा एक प्रश्न विचारा, नाहीतर घरी बसा."

वेणूताईंना राजकन्येचा फार लळा होता. त्या शांतपणे म्हणाल्या, "फक्त हो किंवा नाही सांगा. या प्रश्नाला तुम्ही 'नाही' म्हणणार का?"

"नाही," दिवाण म्हणाले.

"आत्ता म्हणालात की."

"बरं, मग हो."

"आता कुठे 'नाही' म्हणालात?"

राजेसाहेबांनी हसू आवरत विचारलं, "काय दिवाणजी, बाईंना घरी बसवायचं का?"

दिवाणांना 'हो' म्हणवेना आणि 'नाही'ही म्हणवेना. तोवर वेणूताई राजकन्येला घेऊन शिकवणीला निघाल्याही होत्या.