दरबाराचे ऐंशी कान

"निम्मा दरबार माझं गाणं ऐकत नाही? कोण म्हणतं असं?"

मोरखडीचे राजे उदयभान गादीवरून ताडकन उठले.

"मी म्हणतो," सखोबा गुरव म्हणाला आणि त्यानं जीभ चावली. सखोबा राजांना पखवाजाची साथ करायचा. राजांनी तान घेतली की पागेतले घोडे दावी तोडायचे, पण सखोबाला पळायची सोय नव्हती. बारा वर्षं सोसलं आणि आज तोंडून निघून गेलं!

"मग सिद्ध कर!" राजे गरजले. "उद्या मैफल आहे. दरबारी चाळीस. निम्मे म्हणजे वीस! एक कमी नको, एक जास्त नको. कुणाला प्रश्न विचारायचा नाही, कुणाचं नावही घ्यायचं नाही. नाही जमलं, तर पखवाज गळ्यात बांधून राज्याबाहेर चालू लागायचं! तोवर याला कोठडीत टाका!"

सखोबाला शिपाई ओढत घेऊन गेले. दाराशी त्याची मुलगी शेवंती उभी होती. मैफलीला येणाऱ्यांना अत्तराचे फाये देण्याचं काम तिचं. ती पुढं झाली.

"महाराज, बाबांऐवजी मी सिद्ध केलं तर चालेल?"

"तू? चालेल! बापलेक जोडीनं जाल!"

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी शेवंती थाळी घेऊन दारात उभी राहिली. फाया कानाच्या पाळीवर खोचायचा, अशी रीत. पण राजे गाताना डोळे मिटून घेत, हे ठाऊक असल्यानं दरबारी तो कानात ठासत. शेवंतीनं कोळशानं एका फळीवर तीन ओळी आखल्या होत्या. दरबारी आत गेला की त्याच्या ओळीत एक रेघ. चार उभ्या झाल्या की पाचवी आडवी.

राजे गायले. खूप वेळ गायले. शेवटी डोळे उघडून म्हणाले, "हं! काय निघालं?"

शेवंतीनं फळी पुढं धरली. "एकही फाया न घेतलेले पंधरा. एक घेतलेले दहा. दोन घेतलेले पंधरा. झाले चाळीस!"

"पण फाये कानातच होते, हे कशावरून?"

"महाराज, गाताना मिटता तसे जरा डोळे मिटा."

राजांनी डोळे मिटले. शेवंती थाळी घेऊन फिरली. कुजबूज झाली, टपटप आवाज झाले. राजांनी डोळे उघडले, तर समोर फायांचा ढीग!

"शी! याला तर मळ लागलाय!"

"पाळीवर मळ नसतो, महाराज."

राजे हिरमुसले. मग एकदम उसळले. "पण तू हरलीस! कान बुजवणारे दहा आणि पंधरा, म्हणजे पंचवीस! मी वीस म्हणालो होतो!"

"दहा जणांचा एक कान उघडा होता ना, महाराज? ते अर्धे ऐकत होते, अर्धे नव्हते. दहा अर्धे म्हणजे किती?"

राजांनी बोटं मोजली. दिवाणांकडे पाहिलं. दिवाण छताकडे बघत होते.

"पाच?"

"पाच! पंधरा आणि पाच, वीस! पटत नसेल तर कान मोजा. चाळीस माणसं, ऐंशी कान. फाये मोजा."

"पंधरा जणांचे शून्य फाये, म्हणजे पंधरा..."

"शून्यच, महाराज," दिवाण खोकले.

"बरं, शून्य! दहा जणांचे दहा. पंधरा जणांचे दोन-दोन, तीस. एकूण चाळीस..." राजे थबकले. "ऐंशीत चाळीस! अगदी निम्मे!"

मग त्यांनी मिशीला पीळ भरला. "काही का असेना, पंधरा रसिकांनी दोन्ही कान उघडे ठेवले! काय म्हणतेस?"

शेवंती फायांचा ढीग सारखा करू लागली.

"बोल की!"

"महाराज, थाळीत मी मोजून चाळीसच फाये ठेवले होते. पहिल्या पंधरांनी दोन-दोन उचलले, पुढच्या दहांना मी एकेकच दिला. उरलेले पंधरा आले तेव्हा थाळी रिकामी होती! बिचारे अजून मला शिव्या देतायत!"

राजांचा चेहरा लाल झाला, गाल फुगले आणि ते असे हसले, असे हसले की पगडी घरंगळत दिवाणांच्या मांडीवर गेली.

"सोडा त्या सखोबाला! या पोरीला सोन्याचं कडं द्या! आणि आजपासून माझं गाणं निम्मं!"

"पाव, महाराज?" शेवंतीनं विचारलं.

"बरं बाई, पाव!" राजे डोळे पुसत म्हणाले, आणि बारा वर्षांत पहिल्यांदाच दरबारातून मनापासून "वाहवा!" उठली.