टेबलावरचं लोहचुंबक

एकदा एका कपडे शिवणाऱ्या बाईला घड्याळं उघडण्याचा नाद लागला. पोटासाठी नव्हे, हौस म्हणून. दुपारी शिलाई मशीन थांबली की टेबलावर पांढरं फडकं अंथरायचं, डोळ्याला भिंग लावायचं आणि जुनी मनगटी घड्याळं खोलून, धुऊन पुन्हा जोडायची. शेजारच्या गल्लीत एक वृद्ध घड्याळजी राहत. दुकान त्यांनी बंद केलं होतं, पण हिला हात धरून शिकवलं ते त्यांनीच.

बाईचे वडील वारले होते; त्यांचं चावीचं घड्याळ तिच्या आईपाशी होतं. देवापुढे दिवा लावला की म्हातारी त्याला चावी द्यायची, कानाला लावायची, मगच चहाचा कप हातात घ्यायची. बाईने ते साफ करायला मागितलं. आई म्हणाली, "चालतंय ना ते? चालत्या बैलाला पराणी कशाला?" पण बाई ऐकते कुठली!

घड्याळ धुतलं, जोडलं, आणि ते सुटलं उधळल्या घोड्यासारखं. सकाळी लावावं तर दुपारपर्यंत पाव तास पुढे. बाईने वेग कमी करायचा आतला काटा ढकलून पाहिला. पुन्हा खोललं, पुन्हा धुतलं. छे! घड्याळ पळतंच. इकडे रोज दिवा लावून झाला की आई रिकामा हात पुढे करायची आणि विचारायची, "झालं का गं?" त्या हाताकडे बाईला बघवेना. शेवटी तिने ठरवलं, आतली केसाएवढी स्प्रिंगच उपटायची आणि भंगारातल्या घड्याळाची बसवायची. पण बापाच्या घड्याळाचं काळीज काढायला हात धजेना. ती घड्याळजींकडे गेली. सगळं ऐकून ते एवढंच म्हणाले, "घड्याळ आणू नकोस. मीच येतो."

आले ते खांद्याला पिशवी अडकवून. बाईने घड्याळ आणि भिंग पुढ्यात ठेवलं. त्यांनी तिकडे ढुंकून पाहिलं नाही. पिशवीतून पोरांच्या खेळण्यातलं होकायंत्र काढलं आणि ते टेबलावरून सावकाश फिरवलं. एका कोपऱ्याशी त्याची सुई गरगरली. तिथे बाईचं लोहचुंबक होतं, टाचण्या गोळा करायचं. हल्ली काही दिवस घड्याळांचे बारीक स्क्रूसुद्धा ती त्यावरच ठेवायची, चिमटाही त्यालाच चिकटवायची. घड्याळजींनी ते उचललं, बाहेर नेलं आणि अंगणाच्या लोखंडी फाटकाला चिकटवून आले.

बाईचं डोकं फिरलं. "काका, बिघडलंय घड्याळ. माझ्या टाचण्यांनी तुमचं काय घोडं मारलं?"

घड्याळजींनी होकायंत्र घड्याळाजवळ नेलं. तिथेही सुई नाचली. मग ते शांतपणे बोलले.

"पोरी, घड्याळ बिघडलेलंच नाही. त्याची संगत बिघडली. चुंबकाला चिकटलेल्या चिमट्याने तू आतली एकेक वस्तू उचललीस. तो गुण त्या स्प्रिंगला लागला, वळशाला वळसा चिकटला, लांब स्प्रिंग आखूड झाली. आखूड दोरीचा पाळणा भराभर हलतो, तसं ते पळायला लागलं. तू पळणाऱ्याला दटावत बसलीस. कशाने पळतंय, ते आजूबाजूला बघितलं नाहीस. आणि ते चुंबक जवळ ठेवलं होतंस तेही चांगल्याच हेतूने, काही हरवू नये म्हणून."

बाई खाली मान घालून म्हणाली, "म्हणजे मी मारलं नाही ना त्याला?"

"काम चोख आहे तुझं," ते म्हणाले.

त्यांनी पिशवीतून चुंबकाचा गुण उतरवायचं, तारेचं वेटोळं असलेलं विजेचं यंत्र काढलं. घड्याळ त्यात धरलं, बटण दाबलं आणि सावकाश दूर ओढून घेतलं. चिमट्यालाही तसंच केलं. मग घड्याळाचं झाकण उघडून बाईने सरकवलेला काटा त्याच्या जुन्या खुणेवर आणला. आता सुई घड्याळाजवळ हलली नाही. बाईने कित्येक दिवसांनी छातीभर श्वास घेतला.

पुढचा दिवसभर तिने स्वतः वेळ पडताळून पाहिली, मग घड्याळ आईच्या हातात दिलं. म्हातारीने दिवा लावला, चावी दिली, घड्याळ कानाला लावलं. बराच वेळ ऐकत राहिली. मग म्हणाली, "आण आता चहा."

घरातलं माणूस बिनसलंय असं वाटलं, तर त्याला खोलायला बसण्याआधी त्याच्या शेजारी आपण काय आणून ठेवलंय, ते आधी बघावं.