राजबागेतली तात्पुरती तार

विषय: राजबागेतील दिव्यांसाठी बाहेरची, टिकाऊ तार मिळणेबाबत.
संदर्भ: राणीसाहेबांचा उजवा पाय.

वरील विषयाची हकीकत अशी, की एका राज्यात बागेचे एक कारभारी होते. वसंतोत्सवासाठी बागेत दिवे लावण्याचा राजेसाहेबांचा हुकूम आला, तेव्हा ते तार घ्यायला बाजारात गेले.

दुकानदाराने दोन वेटोळी पुढे ठेवली. "ही जाड तार बाहेरची. ऊन, पाणी, घुशीचे दात, सगळं सोसते. चर खणून पाइपातून न्यायची. ही बारीक, ती घरातल्या घरात बरी."

"चर खणला की हिरवळ गेली. पाहुण्यांना काय माती दाखवू?"

"मग बारीक न्या. पण उत्सव संपला की काढा, रावसाहेब. तिथं राणीसाहेब अनवाणी फिरतात म्हणे."

"तात्पुरतीच आहे हो," कारभारी म्हणाले.

तार गवताखाली सारली, सांध्यांना चिकटपट्टी गुंडाळली. दिवे झगमगले, पाहुणे खूश झाले, कारभाऱ्यांना शेला मिळाला. उत्सव संपला. पण तात्पुरती घातलेली वस्तू काढायची त्या राज्यात पद्धत नव्हती. दरबाराचा मांडवसुद्धा राजेसाहेबांच्या आजोबांच्या मुंजीतला होता. तारही राहिली आणि उन्हाने तडकली.

एका पहाटे दवावर चालता चालता राणीसाहेब एकदम कोलमडल्या. जीव वाचला, पाय मात्र दुपारपर्यंत बधिर होता.

"कारभारी, तुमचं गवत चावतं," त्या शांतपणे म्हणाल्या. "दिवे बंद का करत नाही?"

"लावायचा हुकूम आहे, राणीसाहेब. विझवायचा अजून निघालेला नाही."

"बरं. मग नवी तार पडेपर्यंत रोज आधी तुम्ही चालायचं. अनवाणी."

त्याच दिवशी कारभाऱ्यांना जाड तारेचे सगळे गुण आठवले. त्यांनी खजिनदारांकडे अर्ज केला. खजिनदार कधी बागेत फिरत नसत. त्यांनी शेरा मारला: 'दिवे चालू आहेत. सध्या तात्पुरते भागवावे.'

तेव्हापासून रोज पहाटे कारभारी बगळ्यासारखे एकेक पाय उचलत हिरवळ ओलांडतात. राणीसाहेब जोडे घालून बाकावर बसतात आणि बघतात.

तात्पर्य: बागेसाठी तार निवडताना तिच्यावर पहिला पाय आपलाच पडणार आहे, असे धरून निवडावी.

अर्ज अद्याप प्रलंबित आहे.